ताईंचं विमान

१२ जानेवारी

आज ताईंनी मला विमान शिवायला सांगितलं.

मी दुकानात एका वाचनालयाचे पडदे कापत बसले होते. ताई दवाखान्यातून तशाच उठून आल्या, अंगात पांढरा कोट, गळ्यात मास्क. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे महिनाभर वेळ आहे का? पंखांना कापड चढवायचंय." जणू उशीचे अभ्रे शिवून हवे होते.

उद्या कुणी हे वाचलंच तर कळावं म्हणून लिहून ठेवते. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दातांच्या डॉक्टर. लग्न केलं नाही, कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही. चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकल्या, आणि गेली कित्येक वर्षं दवाखान्यामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं एक विमान बांधतायत. दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं. सुरुवातीला घरात मी, हे, दोन्ही मुलं, सगळे हसायचो. मग सवय झाली. कुणाच्या घरी म्हातारं कुत्रं असतं, आमच्याकडे शेडमध्ये विमान असतं.

मी आजवर सोफे शिवलेत, पडदे शिवलेत, एकदा नाटकमंडळींचा अख्खा तंबू शिवलाय. हो म्हणून बसले. 

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्या प्रकरणात तू पण?" आणि पेपर उघडला.

१९ जानेवारी

पंख पहिल्यांदा नीट पाहिले. लाकडी सांगाडा, एकामागे एक फासळ्या, मोठ्या माशाचं मांस कुणी सफाईनं खाऊन काटा तेवढा ठेवावा तसा. प्रत्येक सांध्यावर ताईंची पेन्सिलीची बारीक खूण. मी म्हटलं, इतकं आतलं काम कापडाखाली झाकून जाणार, कोण बघणार? म्हणाल्या, "मला माहीत असेल."

कापडाची लांब खोळ शिवली. मशीनवर ते सरसर घसरत होतं, दोनदा उसवलं. मग अंदाज आला. खोळ पंखावर चढवली तर ढगळ. मी मनात म्हटलं, माप चुकलं, गेलं सगळं. ताईंनी इस्त्री घेतली आणि हलक्या हातानं फिरवायला लागल्या. कापड माझ्या डोळ्यांदेखत आकसत गेलं, सुरकुत्या पळाल्या, शेवटी बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं. आयुष्यभर इस्त्री केली, पण इस्त्रीनं असं काही होतं हे ठाऊक नव्हतं.

८ फेब्रुवारी

फासळ्यांना कापड टाचण्याचं काम सुरू आहे. पंख आडव्या कडेवर उभा करायचा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ताई. मी लांब सुई आरपार घालायची, त्यांनी फासळीला वळसा घालून परत पाठवायची, मी गाठ मारायची. मधे कापड असल्यानं एकमेकींचं तोंड दिसत नाही. त्यामुळे बोलणं मात्र सोपं जातं. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो तेवढं या आठवड्यात बोललो.

आज मी विचारलं, भीती नाही वाटत? पलीकडून आधी सुई आली. मग म्हणाल्या, "वाटते की. म्हणून तर माझा प्रत्येक सांधा मी दोनदा बघते."

"आणि माझी गाठ?"

"तुझी एकदा."

चेष्टाच केली असणार. पण मला दिवसभर बरं वाटलं.

३ मार्च

विमान मैदानावर गेलं. पंख वेगळे, धड वेगळं, दोन ट्रक. गल्लीतली सगळी खिडक्यांत. ताई ट्रकच्या मागे मागे आपल्या गाडीनं, लेकीची पाठवणी करावी तशा.

हे मैदान गावाच्या टोकाला आहे. एक धावपट्टी, एक मोठी पत्र्याची शेड, आणि वस्ताद. ताईंना उडायला शिकवलं ते हेच. फार म्हातारे, कमरेत वाकलेले, बोलणं नाटकी. विमानाभोवती एक फेरी मारून त्यांनी पंखावर हात फिरवला आणि विचारलं, ही शिवण कुणाची? ताईंनी माझ्याकडे बोट केलं. वस्तादांनी मला लवून नमस्कार केला. त्यांची ती सवयच आहे म्हणे.

हे आले नाहीत. ह्यांच्या बस डेपोत गाड्यांची नवी वेळापत्रकं लावायची होती. संध्याकाळी मात्र विचारलं, त्या धावपट्टीच्या कडेला झाडं आहेत का. मी म्हटलं आहेत थोडी. हे उठून गेले. माझ्या नवऱ्याला कशातच रस नाही, आणि असला तर झाडांत.

२१ मार्च

उडालं.

ताई एकट्या बसल्या. पहिले काही तास दुसऱ्या कुणाला बसवायचं नसतं, असा नियम आहे. इंजिन सुरू झालं, विमान हळूहळू टोकाला गेलं, वळलं, आणि आलं. माझ्यासमोरून जाताना चाकांखाली उजेड दिसला. एवढंच मला आठवतंय. चाकं आणि जमीन यांच्यामधला उजेड.

मी शिवलेलं कापड माणसाला उचलून घेऊन जात होतं. मी रडले, वस्तादांनी बघितलं नाही असं दाखवलं.

ताई तीन फेऱ्या मारून उतरल्या. मी धावत गेले. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाल्या, "उजवा पंख किंचित जड आहे." आणि पाना घेऊन खाली वाकल्या.

घरी आले तर हे गच्चीवर पाण्याची टाकी धुवत होते. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं," आणि पाण्याचा पाइप गुंडाळत बसले.

२७ एप्रिल

ताई आता दर रविवारी उडतात. आणि ह्यांना दर रविवारी टाकी धुवायची हुक्की येते. इतकी स्वच्छ टाकी अख्ख्या गावात नसेल. मी एकदा म्हटलं, अहो, तळ झिजेल. तर म्हणाले, शेवाळ फार धरतं.

शिवाय हवामानाचं वेड लागलंय. शनिवारी रात्री जेवताना बातम्यांतला वारा ऐकतात, आणि ताईंचा फोन आला की मागून मोठ्यानं म्हणतात, "उद्या दुपारनंतर वारा आहे." ताईंच्या आनंदावर विरजण घालायला बघतात असं मला वाटतं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. पुढच्या शनिवारी परत तेच.

१३ मे

ताईंनी विचारलं, रविवारी येतेस का वर?

चाचणीचे तास पुरे झाले, आता सोबत कुणाला तरी नेता येतं. मी लगेच हो म्हटलं नाही. मला जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं. पण माझ्या लक्षात आलंय की हल्ली दुकानात काम करताना मी डोकं वर करून बघते, आणि वर पंखा आणि छत याशिवाय काही नसतं, याचा मला राग येतो.

ह्यांना विचारलं. मला वाटलं नको म्हणतील, म्हणजे प्रश्नच मिटला. ह्यांनी ताटातला भात कालवला. मग म्हणाले, "तिच्यासोबत जातेयस ना?"

"हो."

"मग जा."

यात काय समजायचं? बहिणीवर राग आहे की नाही या माणसाचा?

१७ मे

काल लिहिता आलं नाही. आज हात ठीक आहेत. जमेल तसं सगळं लिहिते, कारण आजच काही गोष्टी मागेपुढे व्हायला लागल्यात.

काल सकाळी हवा शांत होती. ताईंनी विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट तपासली. दार, बिजागऱ्या, चाकं, तेल, पेट्रोल. मी मागे मागे. मग पट्टे आवळले आणि निघालो. वर गेल्यावर मला अजिबात गरगरलं नाही. जिन्याचा आणि याचा काही संबंध नाही. खाली सगळं शांत, रस्ते फितीसारखे पसरलेले, नदीला एक सुंदर झोल आलेला. मी नुसती बघत होते. ताईंनी विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, कुणीतरी गावाला इस्त्री केल्यासारखं. त्या मोठ्यानं हसल्या. ताईंना असं हसताना मी फारदा पाहिलेलं नाही.

मग कालवा ओलांडून पलीकडे गेलो आणि इंजिन एकदा खोकलं.

ताईंचं हसू थांबलं. चेहरा बदलला नाही, फक्त थांबला. इंजिन परत नीट झालं, परत खोकलं, जोरात घुमलं आणि बंद पडलं. पुढचा पंखा दोनचारदा फिरला आणि आडवा उभा राहिला. मग जी शांतता आली ती मी कशी लिहू? वाऱ्याचा आवाज होता, पण तो नंतर ऐकू आला.

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी आधी विमानाचं नाक जरा खाली केलं. मला वाटलं आपण पडतोय. नंतर कळलं, ते पडू नये म्हणून करतात. मग त्यांचे हात कामाला लागले, एकामागून एक, कुठेही घाई नाही. पेट्रोलचा कॉक बघितला. एक दांडी ओढली. बटण दाबलं, पंखा अर्धा वळला, इंजिननं घेतलं नाही. परत तेच, त्याच क्रमानं. परत नाही. दवाखान्यात ट्रेमधलं एक हत्यार ठेवून दुसरं उचलावं तसं. मग तो नाद सोडला. मला ते दिसलं, त्यांनी तो नाद कुठल्या क्षणी सोडला ते. आणि मला त्याच क्षणी धीर आला. का, ते सांगता येत नाही.

रेडिओवर म्हणाल्या, "वस्ताद, इंजिन गेलं. कालव्यापलीकडे मोकळ्या रानात उतरते. दोघी आहोत." मग मला म्हणाल्या, "आपण आता खाली जाणार आहोत. मी सांगेन तसं कर."

"बरं."

"चष्मा काढून खिशात ठेव. दाराची कडी काढ आणि फटीत काहीतरी अडकव, म्हणजे नंतर दार अडकणार नाही."

मी ओढणीचा बोळा करून फटीत घातला. चष्मा मात्र काढला नाही. मला बघायचं होतं.

समोर एक लांब हिरवं रान होतं, सपाट, मला अगदी छान वाटलं. ताई तिकडेच चालल्या होत्या. त्या रानाच्या या टोकाला खांब होते. तारा वगैरे काही दिसत नव्हतं, नुसते बारीक खांब, पण एका ओळीत, सारख्या अंतरावर. पडद्याच्या कड्या अशा ओळीत असल्या की मधे दांडी असणारच. मी म्हटलं, "ताई, तिथे तारा असतील."

त्यांनी एकदाच बघितलं. विमान डावीकडे वळवलं, तिथे कापणी झालेलं रान होतं, पिवळं, जरा आखूड. आता आम्ही त्याच्या मानानं फारच वर होतो. मला तेही कळलं आणि मी मुठी आवळल्या. ताईंनी विमान एका अंगावर कलतं केलं आणि ते तिरकं, कडेकडेनं खाली सरकायला लागलं, उतारावरून बसकण मारून घसरावं तसं. जमीन भराभर मोठी झाली. धसकटं वेगळी दिसायला लागली. ताईंनी सगळी बटणं बंद केली, पेट्रोल बंद केलं, विमान सरळ केलं.

दात काढायच्या आधी त्या पेशंटला एका ठरावीक आवाजात सांगतात, आता थोडं दाबल्यासारखं वाटेल. अगदी त्याच आवाजात मला म्हणाल्या, "डोकं खाली घे. आता थोडं आपटल्यासारखं वाटेल."

आपटलं. उडालो, परत आपटलो, धडाधड आवाज, धूळ, मग काहीतरी मोडलं आणि विमान डाव्या बाजूला बसलं. आणि थांबलं.

इंजिन तापलेलं, त्याचा टिकटिक आवाज येत होता. ताई म्हणाल्या, "उतर. लांब जा. पळू नको." मी उतरले, दार सहज उघडलं. ताई माझ्यामागून आल्या. बांधापाशी जाऊन दोघी मागे वळून उभ्या राहिलो. एक चाक पाण्याच्या चारीत जाऊन मुडपलेलं, पंखा तुटलेला, डावा पंख टोकाला फाटलेला. बाकी विमान शाबूत. आम्हीही.

ताईंनी पाण्याची बाटली काढली, पण त्यांना झाकण उघडेना. मी बाटली घेतली, उघडून दिली. त्या प्यायल्या, मग मी.

थोड्या वेळानं आग लागत नाही असं बघून त्या परत विमानापाशी गेल्या, आधाराच्या दांडीवर पाय ठेवून पंखावरच्या टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स असा आवाज आला, मुरंब्याची घट्ट बरणी उघडल्यावर येतो तसा. ताई झाकणावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "टाकीत हवाच जात नव्हती."

एवढ्यात धूळ उडवत आमची गाडी आली. हे उतरले, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओली, पायात न्हाणीघरातल्या सपाता. रुग्णवाहिका आली नव्हती, वस्तादही आले नव्हते. माझ्या फोनला रेंज नव्हती. ह्यांना कुणी कळवलं देव जाणे. मी नंतर वस्तादांना विचारलं, तर म्हणाले माझ्याकडे त्यांचा नंबरच नाही.

ह्यांनी मला खांद्याला धरून सगळीकडून बघितलं. मग ताईंपाशी गेले. मला वाटलं आता भांडण होणार, इतक्या वर्षांचं. पण हे त्यांच्यासमोर नुसते उभे राहिले. ताई म्हणाल्या, "दादू, मी ठीक आहे." ह्यांनी मान हलवली. ते नळकांडं हातातून खाली ठेवायला विसरले होते. घरी येईपर्यंत मांडीवर होतं.

१८ मे

अंग ठणकतंय. पट्ट्याचे वळ उमटलेत. बाकी काही नाही. शेजारणी येऊन गेल्या, मी प्रत्येकीला तेच सांगितलं. सांगताना शांत वाटतं. एकटी असले की नाही.

१९ मे

कारण सापडलं. टाकीत वरून हवा जायला एक बारीक नळी असते. पेट्रोल खाली जातं तसतशी हवा आत यायला हवी. त्या नळीत, बाहेरून दिसणार नाही इतकं आत, कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. ताईंनी नळी कापून मला दाखवली. चिमूटभर माती आणि आत वाळलेले छोटे कोळी, पिल्लांसाठी साठवलेले. मला हसू आलं आणि लगेच शरम वाटली.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी उडायच्या आधी नळीचं तोंड बघितलं होतं, मी साक्षीला होते. पण आतून फुंकून बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "फुंकायला हवं होतं."

वस्तादांनी मला बाजूला घेतलं आणि हात जोडून म्हणाले, त्या हिरव्या रानात गेला असतात तर आज मी तुमच्या घरी आलो असतो, तुम्ही नसता. नाटकी बोलायची त्यांची सवय. ताईही ज्याला त्याला सांगतायत, हिनं तारा बघितल्या. हा ताईंचा मोठेपणा. विमान त्यांनी वळवलं, त्यांनी उतरवलं, मी नुसतं खांबांकडे बोट केलं. शेजारी बसलेलं कुणीही केलं असतं.

२५ मे

आज राग आला. सकाळपासून. भांडी आपटली, ह्यांच्यावर ओरडले, एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं. दुपारी कापड कापता कापता कळलं की राग ताईंचा आलाय. मला कशाला नेलं? मी दोन लेकरांची आई, माझं दुकान, माझं घर. त्यांना मागेपुढे कुणी नाही, त्यांनी जावं एकटीनं.

लिहिलं आणि वाचलं. असं लिहिणारी मी वाईट बाई आहे असं वाटतंय. पण खोडत नाही. खरं आहे तर असू दे.

२६ मे

राग गेला. म्हणजे सगळा नाही. पण आज जेवायला बसल्यावर इंजिन बंद पडल्यावरचे ताईंचे हात डोळ्यांसमोर आले, आणि मग काही बोलायला उरलं नाही.

४ जून

ताई गेले दोन्ही रविवार मैदानावर गेल्या नाहीत. मी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला गेले. हत्यारं उकळत ठेवून त्या खुर्चीत बसल्या होत्या, पेशंटच्या खुर्चीत. मी डॉक्टरच्या स्टुलावर बसले, दुसरं बसायला काही नव्हतं.

विमानाचं काय करायचं म्हणून विचारलं. म्हणाल्या, काही नाही. सुटं करून ज्याला हवं त्याला देऊन टाकणार. इंजिन कुठल्यातरी शाळेला.

मी म्हटलं, मी ते कापड असं देऊन टाकायला शिवलं नव्हतं. मग त्या खुर्चीतून वर छताकडे बघत म्हणाल्या, "तू मेली असतीस. दादूची बायको. मी त्याला काय तोंड दाखवलं असतं?"

"पण मेले नाही."

"नशीब."

मला बोलता येत नाही फारसं. पण तेव्हा आलं. मी म्हटलं, "ताई, मी शेजारी बसले होते. नशीब कसं दिसतं ते मला माहीत नाही. मला तुम्ही दिसत होतात. तुम्ही सबंध वेळ काम करत होतात. एक क्षण हात रिकामा नव्हता. मी जन्मात कुणाला असं काम करताना बघितलेलं नाही, आणि ते मला बघायला मिळालं म्हणून मी आले ते बरंच झालं असं मला वाटतं."

त्यांनी चष्मा काढला. पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसत होत्या. मग म्हणाल्या की परत उडायचं तर प्रत्येक वेळी त्यांना तो खोकला ऐकू येणार. मी म्हटलं, मलाही येतो, मिक्सर बंद केला तरी येतो. त्यावर जरा हसल्या.

निघताना विचारलं, पंखाचं फाटलेलं टोक मी बघू का? म्हणाल्या, "बघ. बघायला काय."

१५ जून

हे डेपोतून तांब्याच्या जाळीची एक छोटीशी टोपी करून घेऊन आले. बोटाच्या पेराएवढी, अगदी सुबक, कडेला बारीक झाळलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, स्वयंपाकघरातल्या नळाला केली होती, मापात बसली नाही, ताईकडे कुठे उपयोग होतो का विचार. आपल्या नळाला जाळी कशाला हवी होती ते मला कळलं नाही. ताईंना दिली. त्या ती टोपी हातात धरून उगाच इतका वेळ बघत बसल्या की मी शेवटी कामाला लागले.

ती त्या हवेच्या नळीवर तंतोतंत बसली, हा योगायोगच.

२० जुलै

नवा पंखा आला. चाकाचा पाय सरळ करून, जोड देऊन झाला. माझं ठिगळ ताईंनी उलटसुलट करून बघितलं, बोटानं वाजवलं आणि पुढे गेल्या. एकदाच बघितलं.

ज्यांच्या रानात उतरलो होतो ते काका आले होते बघायला. ते विमान माझ्याकडे पाहुणं आलं होतं, म्हणाले, तब्येत विचारायला नको का?

२४ ऑगस्ट

ताई आज एकट्या उडून आल्या. निघण्याआधी प्रत्येक नळीत फुंकलं, मग मला फुंकायला लावलं. उतरल्यावर पंधरा मिनिटं गाडीत दार लावून बसल्या होत्या. मी काच वाजवली नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि फार भूक लागली होती.

२१ सप्टेंबर

आज मी गेले.

ताईंनी विचारलं नव्हतं. त्या कधीच विचारणार नाहीत हे मला कळून चुकलं होतं, म्हणून मीच जाऊन बसले आणि पट्टा आवळायला घेतला. ताई खाली उभ्या राहून बघत राहिल्या. नको म्हणतील असं वाटलं. मग माझा पट्टा ओढून पाहिला, अजून एक घर आवळला आणि पलीकडून येऊन बसल्या.

कालवा ओलांडला. इंजिन नीट चालत होतं आणि मी त्याचा प्रत्येक ठोका ऐकत होते. ताईही ऐकत असणार. ते पिवळं रान आता हिरवं झालंय. ते गेलं मागे.

मग त्या म्हणाल्या, "ही दांडी जरा धर. हलकी. अंड्यासारखी."

मी धरली. त्यांना चष्मा वगैरे पुसायचा असेल. क्षितिज समोर होतं तिथेच ठेवायचं, एवढंच सांगितलं. ते मधेच एका बाजूनं वर आलं, मी दांडी किंचित दाबली, ते परत खाली बसलं. पडद्याची कड सरळ ठेवायची तसंच आहे, कडेकडे बघायचं नाही, लांब बघायचं. मी लांब बघत होते. बऱ्याच वेळानं सहज बाजूला नजर गेली तर ताईंचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि त्या खिडकीतून बाहेर नदी बघत होत्या, सहलीला आल्यासारख्या.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर दांडी सुटली असती.

उतरवलं अर्थात ताईंनी. अलगद, टेकलेलं कळलंसुद्धा नाही.

शेडपाशी वस्तादांच्या शेजारी हे उभे होते. पहिल्यांदाच मैदानावर आले. हात मागे बांधून, डेपोतली गाडी वेळेवर आली की नाही ते बघावं तसे. मी उतरून त्यांच्याकडे गेले, पाय जरा हलके पडत होते.

हे म्हणाले, "कालव्यापलीकडे थोडा वेळ डावीकडे कलत होतं."

"ते मी होते," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग विमानाकडे, मग परत माझ्याकडे.

"पण लवकर सावरलंस," म्हणाले.